ऱ्होनच्या काठाने, साखर विसरून

गेले पाच आठवडे हे सदर बंद होते. दवाखान्याचेही दार बंद पाहून काही रुग्णांनी माझ्याच प्रकृतीची चौकशी केली, त्यांची मी आभारी आहे. मी लेकीकडे, फ्रान्समधील ल्यों शहरी गेले होते. प्रकृती ठीक आहे. मात्र तेथे एका रविवारी दुपारी ती ठीक नव्हती. तो प्रसंग मुद्दाम सांगते आहे, कारण चूक माझीच होती आणि ती करू नये असे मी याच सदरात अनेकदा लिहिले आहे.

माझे वय एकसष्ट. मधुमेह अकरा वर्षांचा. सकाळी ग्लिमेपिराइडची एक गोळी आणि दोन वेळा मेटफॉर्मिन, इन्शुलिन नाही. सायकल शाळेत असताना चालवत होते. पुढे कॉलेज, लग्न, मुले आणि दवाखाना यांत चाळीस वर्षे पायडलवर पाय ठेवला नव्हता. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितले, "आई, इथे घरात बसायला आली नाहीस. सायकल आणून ठेवली आहे."

ल्यों हे दोन नद्यांचे शहर. ऱ्होन ही स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघून जिनिव्हाच्या सरोवरातून येते. उत्तरेकडून दुसरी नदी येते, तिचे नाव सोन, उच्चारही बिहारच्या सोनसारखाच. शहराच्या दक्षिण टोकाला दोघींचा संगम होतो. ऱ्होनच्या डाव्या काठावर पूर्वी मोटारी उभ्या राहत. २००७ साली त्या हटवून सुमारे पाच किलोमीटरचा काठ पायी चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना मोकळा करून दिला. आता एकशेसतरा हेक्टरांच्या 'तेत दोर' बागेपासून, म्हणजे 'सोन्याच्या डोक्या'च्या बागेपासून, थेट दक्षिणेच्या जेर्लां बागेपर्यंत पाण्याच्या कडेने जाता येते. हा तुकडा एका फार मोठ्या मार्गाचा भाग आहे. जिनिव्हाच्या सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या या सायकलमार्गाला 'व्हिआऱ्होना' म्हणतात. त्याची लांबी सुमारे ८१५ किलोमीटर.

पहिले चार दिवस मी याच काठावर तासभर सराव केला. तोल लगेच सापडला, पण उजव्या बाजूने चालवायचे हे अंगवळणी पडेना. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखू लागले. पाहते तो बैठक फार खाली. पाय टेकले की धीर येतो म्हणून आपण सगळेच ती खाली ठेवतो आणि गुडघ्यांवर ताण आणतो. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा आणि चवड्याने चालवताना गुडघ्यात किंचित बाक राहावा. बैठक चार बोटे वर केली आणि दुखणे थांबले. करंगळीला मुंग्या येत होत्या, त्या हातांवर भार टाकल्यामुळे. मूठ सैल धरली, मध्येमध्ये हात झटकले, की येईनात.

या काठावर वैद्यकातल्या माणसाने दोन ठिकाणी थांबावे. पलीकडच्या तीरावर ओतेल-दिअची लांबलचक इमारत दिसते. १५३२ साली लेखक राब्ले येथे डॉक्टर म्हणून नेमला गेला होता. रुग्णालय २०१० मध्ये बंद झाले, आता तेथे दुकाने आणि हॉटेल आहे. अलीकडच्या तीरावरच्या रस्त्याला क्लोद बर्नारचे नाव आहे. हा याच प्रांतातला, जन्म १८१३ चा. तरुणपणी ल्योंमध्ये औषधाच्या दुकानात उमेदवारी करी आणि फावल्या वेळात नाटक लिही. नाटकाचे बाड घेऊन पॅरिसला गेला, तर तिथल्या समीक्षकाने वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. पुढे याच माणसाने दाखवून दिले की यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते. ती साठवण्याचा पदार्थ, ग्लायकोजेन, त्याने १८५७ मध्ये वेगळा काढला. त्या पाटीखाली मी लेकीकडून माझा फोटो काढून घेतला. नंतर जे झाले ते पाहता तो फोटो घरात लावायला थोडी लाज वाटते.

रविवारी आम्ही दक्षिणेला निघालो. मी, लेक आणि तिच्या मागच्या खुर्चीत चार वर्षांचा नातू. जावई कामावर होते. ल्योंच्या लगेच खाली तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत, तेथे सायकलचे सुख नाही. म्हणून सायकली आगगाडीत घालून आम्ही जिव्होरला उतरलो आणि उजव्या काठाने व्हिएनपर्यंत गेलो. (ऑस्ट्रियाची राजधानी वेगळी, पण फ्रेंच लोक तिलाही हेच नाव देतात.) व्हिएनला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ऑगस्टस आणि लिव्हिया यांचे रोमन देऊळ आहे, खांब अजून उभे. नातवाला तिथल्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्या आवडल्या, त्यात दोन तास गेले. जेवण पुढच्या गावी करू, असे मीच म्हटले.

मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा या खोऱ्यातून वाहतो. तो पाठीशी होता. रस्ता सपाट, एकीकडे नदी, दुसरीकडे डोंगरावर द्राक्षांचे मळे. घाम येत नव्हता, दम लागत नव्हता. आपण श्रम करतो आहोत हेच कळत नव्हते, आणि सारी मेख तिथेच होती.

सकाळी साडेसातला मी नेहमीची गोळी घेतली होती. सोबत एक क्रॉइसाँ आणि बिनसाखरेची कॉफी. आँप्वी गावात पोहोचेपर्यंत सव्वादोन वाजले. तिथली जेवणाची वेळ दोनपर्यंत, मग स्वयंपाकघर बंद. रविवार असल्याने बेकरीही बंद. मी म्हटले, पुढे बघू. त्यापुढे लेकीवर विनाकारण चिडले, ती फार हळू चालवते म्हणून. 'लोण्याचे बेट' या नावाची पाणपक्ष्यांची राखीव जागा आहे, तेथे माझी सायकल दोनदा रस्त्याच्या कडेला गेली.

"आई, तुझे हात का थरथरताहेत?" लेकीने विचारले.

मी म्हणाले, वाऱ्यामुळे. मान घामाने ओली झाली होती, तरी वाऱ्यामुळे! हीच लक्षणे रुग्णाने सांगितली असती तर मी वाक्य पुरे होऊ दिले नसते. लेकीने मला बळेच बाकावर बसवले आणि माझ्या पिशवीतून ग्लुकोमीटर काढला. साखर ५८. पिशवीत साखर मोजायचे यंत्र होते, साखर नव्हती.

नातवाच्या खाऊत सफरचंदाच्या गराच्या दोन पिशव्या होत्या. त्या त्याच्या देखत त्याच्या आजीने संपवल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ८४. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपे डबा खात होते. त्यांनी काही न विचारता पाव आणि जवळच्या काँद्रिअ गावचे बकरीच्या दुधाचे चीज पुढे केले. अर्धा तास बसून आम्ही सावकाश काँद्रिअला गेलो, पूल ओलांडला आणि गाडीने परतलो.

काय झाले होते? पायांचे स्नायू काम करतात तेव्हा इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. यकृत आपल्या साठ्यातून ती भरून काढते. पण तो साठा लहान, सुमारे शंभर ग्रॅमचा. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती पाहत नाही. आणि इन्शुलिन वाढले की यकृताचा हात आखडतो. इन्शुलिनची टोचणी घेणाऱ्यांना हाच धोका अधिक. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचित होते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर व धडधड जाणवेलच असे नाही, त्यांनी घामाकडे लक्ष द्यावे.

साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मग पोळी, भाकरी, पाव असे काही खावे. बिस्किटाने सुरुवात करू नये, त्याला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. लांब श्रमानंतर स्नायू आपला साठा भरत राहतात, त्यामुळे त्याच रात्री झोपेत साखर उतरू शकते. त्या रात्री मी तीन वाजता उठून मोजली, ९६ होती. लेक जागीच होती.

परत येण्यापूर्वी मी माझ्या इथल्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरलाही डॉक्टर लागतो. त्यांनी लांब सायकलच्या दिवशी सकाळची गोळी अर्धी करायला सांगितले. हा आकडा माझा आहे, तुम्ही तो उचलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास किंवा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम असलेल्यांनी तपासणी केल्याशिवाय लांबचा पल्ला घेऊ नये. तळपायांना बधिरपणा असेल तर घरी येताच बूट काढून पाय पाहावेत.

पुढच्या रविवारी आम्ही प्रवाहाच्या उलट दिशेने गेलो, मिरिबेल-जोनाजच्या तळ्यांकडे. शहराला लागूनच सुमारे बावीसशे हेक्टरांचे ते रान आहे. निघण्यापूर्वी साखर १३८ होती. खिशात ग्लुकोजची पुडी, पोटात दोन पोळ्या. दर पाऊण तासाला थांबत होतो. पहिल्या थांब्यावर नातवाने आपली गराची पिशवी घट्ट छातीशी धरली, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आज्जी, तुझा हात हलतोय का?"

मी हात पुढे करून दाखवला. मग त्याने झाकण उघडले.