नकार पचविण्याचेही शिक्षण हवे

नोकरीसाठी अर्ज कसा लिहावा, हे शाळेत शिकविले जाते. तो अर्ज नाकारला गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद पुढे ओढण्याचे बळ कोठून आणावे, हे मात्र क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. चाळिशीत नोकरी गमावलेल्या गृहस्थापाशी तर ते बळ असणारच, असे सारे गृहीत धरतात. आमच्या मते मनाचे बळ हेही एक कौशल्य आहे आणि ते शिकविता येते.

बेकारीने माणसाचे काय होते, ह्याचे चित्र ऑस्ट्रियातील मारियेनताल ह्या गावाने जगापुढे ठेवले. गावाची आधार असलेली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल ह्यांनी तेथील जीवन न्याहाळून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांपाशी वेळ भरपूर होता, वाचनालयाची फीही माफ झाली होती; तरी पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुषांची चाल मंदावली, पुष्कळांनी घड्याळ वापरणे सोडले. पैशाबरोबर उमेदही आटली होती.

ह्या उमेदीवरच उपाय शोधला तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी, १९८० च्या दशकात. त्यांच्या ‘जॉब्स’ ह्या वर्गाची आखणी पुढे पाच दिवस, रोज चार तास अशी झाली. वर्गात व्याख्यान थोडे, सराव फार. प्रशिक्षक आधी मुद्दाम चुकीची मुलाखत देऊन दाखवितात. बेकार मंडळीच त्यातील उणिवा सांगतात आणि मग स्वतः करून पाहतात. शिकणाराच असा सल्लागार झाला, की गेलेला आत्मविश्वास परतू लागतो. दुसरा धडा नकाराचा. कोणती अडचण येऊ शकेल, ती आली तर मन काय म्हणेल आणि पुढचे पाऊल कोणते, हे आधीच ठरवून ठेवावयाचे. देवीची लस टोचावी तसाच हा प्रकार.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्गात बसलेल्यांना अधिक चांगल्या वेतनाची व समाधानाची कामे मिळाली. ज्यांना मिळाली नाहीत त्यांचीही उमेद टिकून राहिली. पुढे फिनलंडनेही हा वर्ग स्वीकारला.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न २०२३ पर्यंत रेंगाळला. अशा वर्गांनी नव्या गिरण्या उभ्या राहत नाहीत आणि थकलेले पैसेही मिळत नाहीत, हे खरेच. बेकारीचा सारा दोष बेकाराच्या मनावर टाकणे हा तर अन्यायच. परंतु पैशासाठी लढावयाचे, तरी उमेद लागतेच.

वर्ग निघतील तेव्हा निघोत. घर तरी आपल्या हाती आहे. संध्याकाळी दारातच ‘झाले का काही?’ असे विचारू नये. त्याऐवजी पाटावर समोर बसून मुलाखतीचे चार प्रश्न विचारावेत, उत्तरे निवांत ऐकावीत. ‘उद्या नाही म्हणाले तर परवा कोठे जायचे?’ हे नकार येण्यापूर्वीच ठरवावे. घरातील लहानमोठे निर्णय त्यांना विचारूनच घ्यावेत. मिळवता माणूस काही काळ मिळवता नसला, तरी तो घरचा कर्ता राहतो, हे त्याला शब्दांपेक्षा वागणुकीतून कळले पाहिजे.