रताळ्याचं बेणं आणि न दिसणारा विषाणू

तेच ते बेणं वर्षानुवर्षं वापरलं की उसाचं उत्पादन घटतं, हे शेतकरी घरातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. म्हणून तर आपल्याकडे मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी त्रिस्तरीय बेणेमळ्याची पद्धत आली. रताळ्याचा प्रश्नही याच जातीचा. रताळं बियांपासून नाही, तर वेलाच्या तुकड्यांपासून लावतात. बी तयार होताना बहुतेक विषाणू मागेच राहतात. वेलाच्या तुकड्यात मात्र ते आयतेच पुढच्या हंगामात पोचतात.

याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो पूर्व आफ्रिकेत, युगांडा आणि टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात. तिथे रताळं हे उपासाचं नाही, रोजच्या पोटाचं पीक आहे. त्यामुळे बेणं बिघडलं की थेट घरातलं अन्न कमी होतं.

दोन विषाणू एकत्र आले की

मुख्य आरोपी दोन. एक, स्वीट पोटॅटो फेदरी मॉटल व्हायरस. हा माव्यामार्फत पसरतो. दुसरा, स्वीट पोटॅटो क्लोरोटिक स्टंट व्हायरस. हा पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. पहिला एकटा असेल तर तिथल्या अनेक स्थानिक जातींमध्ये लक्षणं जवळपास दिसतच नाहीत. दुसरा एकटा असेल तर पानं थोडी पिवळी किंवा जांभळट होतात. पण दोन्ही एकाच वेलात आले, की पानं बारीक आणि आक्रसलेली, वेल खुरटलेला, आणि काही नोंदींमध्ये उत्पादनातली घट ९० टक्क्यांच्याही वर!

असं का होतं? वनस्पती विषाणूच्या आरएनएचे बारीक तुकडे करते आणि तेच तुकडे नमुन्यासारखे वापरून उरलेला विषाणू शोधून नष्ट करते. क्लोरोटिक स्टंट व्हायरसकडे आरनेझ-३ नावाचं एन्झाइम आहे. ते या तुकड्यांनाच आणखी कापून निकामी करतं. मग दबून बसलेला पहिला विषाणू मोकाट सुटतो, त्याचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी या एन्झाइमचं एकटं जनुक रताळ्यात घातलं, तर फेदरी मॉटलच्या लागणीनंतर तसाच तीव्र रोग दिसला. ‘दोन गोष्टी एकत्र दिसतात’ इथून ‘ही गोष्ट त्या गोष्टीला कारण आहे’ इथवर कसं जायचं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मग फवारणी का नको?

मावा काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच वेळात दुसऱ्या झाडाला देतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. पांढऱ्या माशीला मात्र त्यासाठी काही तास रस शोषावा लागतो, त्यामुळे तिच्यावर फवारणीचा थोडा उपयोग होतो. पण शेजारच्या शेतातून नव्या माश्या येतच राहतात.

म्हणून टांझानियात बेण्यासाठी जाळीचे बोगदे वापरून बघितले गेले. कमानींवर बारीक छिद्रांची जाळी, आत तपासून आणलेले मातृवेल. पांढरी माशी जेमतेम १ मिलिमीटरची असते, त्यामुळे साधी मच्छरदाणी पुरत नाही. पण हिशोब लक्षात घ्या. १ मीटरच्या सऱ्या आणि ३० सेंटिमीटरवर तुकडा धरला, तर १० गुंठ्यांना साधारण ३,३०० तुकडे लागतात. एवढं सगळं बेणं छोट्या बोगद्यातून निघणार नाही. बोगदा म्हणजे बेण्याचा मूळ साठा. त्यातले वेल उघड्या मळ्यात वाढवून मगच शेतात जातात.

उघड्या मळ्यात साधे उपाय चालतात: जुन्या रताळ्याच्या शेतापासून लांब जागा, मागच्या पिकातली आपोआप उगवलेली झाडं काढणं, रोगट वेल दिसताक्षणी उपटणं आणि तुकडे निरोगी दिसणाऱ्या वेलांचेच घेणं. कोरड्या हंगामात वेल वाळून जातात तिथे निरोगी झाडांची रताळी कोरड्या वाळूत जपतात आणि पावसाच्या ६ ते ८ आठवडे आधी लावून त्यांच्यापासून वेल मिळवतात.

‘निरोगी’ म्हणजे नक्की काय?

इथे संशोधन करणाऱ्याने थांबायला हवं. निरोगी दिसणं आणि विषाणुमुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रताळ्यात विषाणूचं प्रमाण कमी असतं, तो वेलभर सारखा पसरलेला नसतो आणि झाडातले फिनॉल चाचणीत अडथळा आणतात. म्हणून एका पानाची एलायझा चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे वेल स्वच्छ ठरला असं नाही. त्यासाठी रताळ्याच्या वेलाचं आयपोमिया सेटोसा या भावकीतल्या वेलीवर कलम करतात. तिच्यावर लक्षणं ठळक उमटतात.

दुसरा मुद्दा जातीचा. युगांडातली ‘न्यू कावोगो’ ही पांढऱ्या गराची स्थानिक जात रोगाला बरीच तग धरते. ‘एजुमुला’ ही अ जीवनसत्त्व देणारी केशरी जात मात्र लवकर बळी पडते. म्हणजे मुलांच्या आहारासाठी जी जात हवी, तिच्याच बेण्याला जास्त जपावं लागतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि प्रस्तावात तो हमखास राहून जातो. वेल शेजाऱ्याकडून फुकट मिळतात. मग विकत कोण घेणार? जाळीचा खर्च कोण उचलणार? स्वच्छ बेण्याचा फायदा किती हंगाम टिकतो, हे जातीवर आणि त्या भागातल्या पांढऱ्या माशीवर अवलंबून असतं. तो आकडा हातात आल्याशिवाय शेतकऱ्याला ‘दर वर्षी नवं बेणं घ्या’ म्हणणं म्हणजे त्याच्या खिशातून आपला अंदाज तपासणं.

तेव्हा अशा विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर आधी चार ओळी लिहा: ‘स्वच्छ’ कशाने ठरवणार, किती हंगाम मोजणार, तुलनेसाठी शेतकऱ्याचं स्वतःचं बेणं घेणार का, आणि प्रकल्प संपल्यावर जाळी फाटली तर ती कोण बदलणार. या चार ओळी जमल्या की पुढची पद्धत लिहिणं बरंच सोपं जातं.