हातातला कागद – ७ : डाय कापते ती दाबाने

गेल्या आठवड्यात आपण कात्री आणि कटर पाहिले. त्यांचं पातं कागदावरून सरकतं आणि सरकता सरकता कापत जातं. डायला सरकायला वावच नसतो. तिची धार कागदावर उभी टेकते आणि वरून येणाऱ्या दाबाने थेट आरपार जाते. लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात, तसंच हे. कडेवर भार सगळीकडे सारखा पडला तर पुरी अलगद सुटते. एका बाजूला हात हलका पडला की तेवढ्याच ठिकाणी चिकटून राहते. ‘डाय नीट कापत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र डायच बदलत बसतात.

घरगुती यंत्रात हँडल फिरवलं की दोन रुळांमधून एक थर पुढे सरकतो. सर्वांत खाली जाड पाट, त्यावर पारदर्शक प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धारेची बाजू खाली करून पातळ डाय आणि वर दुसरी प्लेट. या थराची एकूण जाडी रुळांमधल्या फटीला अचूक बसावी लागते. कापणी अर्धवट झाली तर हँडलवर जोर काढू नका. थरात साध्या कागदाचं एक पान वाढवा आणि पुन्हा फिरवा. तरीही कमी पडलं तर आणखी एक. ठरावीक कोपराच राहत असेल तर फक्त त्या जागेच्या मागे कागदाचा तुकडा चिकटवा. छापखान्यात याच कामाला मेकरेडी म्हणतात, आणि मुरलेला पंचिंगवाला त्यावर शांतपणे वेळ घालवतो.

लांब सरळ कड असलेली डाय रुळाला समांतर ठेवली, तर ती पूर्ण कड एकदम भार घेते आणि हँडल अडतं. डाय थोडी तिरकी ठेवा. बारीक जाळीच्या डायमध्ये कागद अडकून बसतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये मेणकागद घातला की तो सुटायला मदत होते. प्लेटा दर वेळी उलटसुलट करून वापरा, नाहीतर त्या एकाच बाजूला वाकतात.

छापखान्यातली डाय वेगळ्या बांधणीची. साधारण १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये आकाराची रेघ कोरतात आणि त्या फटीत पोलादी पट्टी ठोकून बसवतात. ही पट्टी बहुधा ०.७१ मिलिमीटर जाड आणि २३.८ मिलिमीटर उंच असते. तिच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे लावतात, म्हणजे कापलेला कागद पट्टीत न अडकता बाहेर ढकलला जातो. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, घडी घालून विकले जाणारे पुठ्ठ्याचे आकाशकंदील, सगळे अशाच डायखालून येतात.

त्याच फळीवर दुसरीही एक पट्टी असते: गोलसर माथ्याची आणि किंचित बुटकी. ती कापत नाही, घडीची रेघ पाडते. कापणं आणि घडी एकाच दाबात आणण्याचं श्रेय ब्रुकलिनचे कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेअर यांना दिलं जातं. १८७९ मध्ये त्यांच्याकडे बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात असताना घडीची एक धातूची पट्टी जागेवरून सरकून उंच झाली आणि पिशव्याच कापल्या गेल्या. वाया गेलेल्या मालात गेअर यांना घडीच्या खोक्याची पद्धत दिसली.

मला स्वतःला कापणीपेक्षा या घडीत जास्त कौशल्य दिसतं. बुटकी पट्टी कागदाला खालच्या खाचेत ढकलते. त्याने आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. घडी घालताना हा उंचवटा आतल्या बाजूला यायला हवा. बरेच जण उलट घडी घालतात. मग बाहेरचा पापुद्रा ताणून फाटतो आणि दोष कागदाला मिळतो. खाचेची रुंदी कागदाच्या जाडीच्या दीडपट, अधिक पट्टीची जाडी, इतकी धरतात. ०.४ मिलिमीटर पुठ्ठ्याला म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर.

विकत घेताना पहिल्यांदा लहान ते मोठ्या अशा एकात एक बसणाऱ्या गोलांचा किंवा चौकटींचा संच घ्यावा. नक्षीदार फुलपाखरू दोन कार्डांनंतर डब्यात पडून राहतं. गोल आणि चौकट वर्षानुवर्षं कामाला येतात. एकच आकार एकदाच हवा असेल तर संगणकावर चालणारं कटिंग मशीन बरं, किंवा सरळ कटर. तोच आकार शंभर पत्रिकांवर हवा असेल तर डायच घ्या.

पुढच्या आठवड्यात कागदाचा ग्रेन: घडी त्याच्या दिशेने का घालायची आणि तो बोटांनी कसा ओळखायचा.