सुट्या भागांचा इन्स्टॉलर

डेबियन लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की बूट मेनूपाशी एक बीप वाजतो. ज्याला दिसतं त्याचं तिकडे लक्षही जात नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मात्र ती खूण आहे: आता ‘एस’ दाबायचं आणि एंटर मारायचं. थोड्या वेळात संगणक बोलू लागतो. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता, असा एकेक प्रश्न वाचून दाखवतो, पर्यायांचे आकडे सांगतो. शेजारी कुणी डोळस माणूस बसलेला नसतानाही अंध माणूस अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बसवू शकतो. या इन्स्टॉलरवर माझा जीव जडला तो या बीपमुळे.

यातली खरी गंमत अशी की बोलणारा इन्स्टॉलर वेगळा लिहिलेलाच नाही. डिस्कचे पार्टिशन पाडणाऱ्या भागाला एवढंच कळतं, की आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. तो प्रश्न तो ‘सीडेबकॉन्फ’ नावाच्या मध्यस्थाकडे देतो आणि उत्तराची वाट पाहतो. मध्यस्थ तो प्रश्न निळ्या पडद्यावरच्या चौकटीत दाखवेल, माउसने चालणाऱ्या खिडकीत दाखवेल, नाहीतर साध्या ओळींत लिहून वाचणाऱ्या आवाजाकडे पाठवेल. उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली असतील, तर प्रश्न कुणापुढे येतही नाही. शंभर संगणकांची लॅब उभी करणारे हेच करतात.

मराठीचा संबंध इथेच येतो. या इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण ती निवडायची तर खिडक्यांचा पर्याय घ्यावा लागतो. मजकुराच्या पडद्यावर जोडाक्षरं जुळत नाहीत, वेलांटी जागेवर बसत नाही. २००७ च्या ‘एच’ आवृत्तीत खिडक्यांचा दर्शनी भाग आला आणि देवनागरीला जागा झाली. त्यासाठी पार्टिशनच्या कोडमधली एक ओळही बदलावी लागण्याचं कारण नव्हतं.

ही सुट्या भागांची रचना येण्याआधीचा कारभार असा नव्हता. २००२ च्या ‘वूडी’ आवृत्तीपर्यंत ‘बूट-फ्लॉपीज’ नावाचा एकसंध इन्स्टॉलर होता. एका ठिकाणी हात घातला की दुसरीकडे काय हलेल याचा नेम नसायचा, आणि डेबियनला तर अकरा प्रकारच्या यंत्रांवर चालायचं होतं. जोई हेस आणि त्यांच्या सोबत्यांनी डागडुजी सोडून नवी रचना मांडली. ती जून २००५ मध्ये ‘सार्ज’ आवृत्तीबरोबर लोकांच्या हाती आली.

तिचा मूळ घटक म्हणजे ‘यूडेब’. डेबियनचं नेहमीचंच पॅकेज, पण माहितीपत्रकं, मॅन्युअलची पानं वगैरे सगळं काढून हलकं केलेलं. सुरुवातीला मोजकेच यूडेब मेमरीत असतात. बाकीचे सीडीवरून किंवा नेटवरून आणायचं काम ‘ॲना’ करते. ‘ॲनाज नॉट निअरली ॲप्ट’ हे तिचं पूर्ण नाव. प्रत्येक यूडेब आपल्यासोबत मेनूतला स्वतःचा क्रमांक आणतो. मुख्य मेनू ते क्रमांक आणि कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून पुढची पायरी ठरवतो. एखादी पायरी फसली, की एरवी दडलेला तो मेनू समोर येतो. मग तीच पायरी पुन्हा करा, नाहीतर मागे जा.

पार्टिशनचं काम पाहणारा ‘पार्टमन’ जवळून पाहण्यासारखा आहे. त्याचं बरंचसं काम काही ठरावीक फोल्डरांत पसरलेलं असतं. ‘इनिट.डी’मधल्या फाइली सुरुवातीला चालतात, ‘कमिट.डी’मधल्या प्रत्यक्ष डिस्कवर लिहिताना. फाइलच्या नावाआधी आकडा असतो, जसं ‘३०पार्टेड’, आणि त्या आकड्याच्या क्रमाने त्या चालतात. डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारं एलव्हीएम हवंय? त्याचा यूडेब येतो, आपल्या फाइली योग्य फोल्डरांत ठेवतो, आणि मेनूत नवी ओळ उगवते. एन्क्रिप्शनचंही तसंच, बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचंही तसंच.

या मोकळेपणाची किंमत आहे, आणि ती थोडी नाही. पार्टमनमध्ये चूक शोधायची म्हणजे डझनभर फोल्डरांतल्या लहान लहान शेल स्क्रिप्टांचा माग काढत बसायचं. कोण कोणाला बोलावतं हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. तरीही मी हीच रचना निवडेन, कारण तिच्यात बाहेरच्याला शिरकाव आहे. नॉर्वेत शाळांसाठी सुरू झालेल्या स्कोलेलिनक्सने, म्हणजे आजच्या डेबियन एज्युने, याच इन्स्टॉलरमध्ये आपला भाग जोडला. तो विचारतो, हा संगणक शाळेचा मुख्य सर्व्हर आहे की विद्यार्थ्याचं वर्कस्टेशन? त्या उत्तरावरून पुढची मांडणी ठरते. काली लिनक्सही याच इन्स्टॉलरवर उभं आहे.

सगळं संपत आलं की ‘फिनिश-इन्स्टॉल.डी’ची पाळी येते. तिथेही आकडे आहेतच. शेवटची फाइल ‘९९रीबूट’, संगणक पुन्हा सुरू करणारी. आपलं काही शेवटी घालायचं असेल, तर त्याआधीचा एखादा आकडा घ्यायचा.