गाडी धुताना कंबर का धरते?

वढू बुद्रुकला नगर रस्त्याची धूळ गाडीवरून उतरवायला पन्नाशीतले लोक उठल्याउठल्या बादलीवर वाकतात. चुकतं ते इथेच. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर तासाभरात वाकलं, तर त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. वयानुसार स्नायूंची ताकदही घटते, म्हणून दुखणं रेंगाळतं. तेव्हा चहा-नाश्ता उरकून, जरा चालून मगच फडकं हाती घ्या.

बादली स्टुलावर ठेवा. चाकं पुसताना बुटक्या स्टुलावर बसा. टपासाठी पायरी हवीच, कारण हात डोक्यावर ताणून घासत राहिलं की खांद्यातला स्नायूबंध हाडाखाली चिमटतो. पॉलिश करताना हात बदला. पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर मात्र तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.