रोमन रस्त्यांवर वेग कोणाचा?

रोमन साम्राज्य म्हटलं की सरळसोट दगडी रस्ते डोळ्यांसमोर येतात. इ.स.पूर्व ३१२मध्ये सुरू झालेल्या आप्पियन रस्त्याचे काही तुकडे रोमजवळ आजही पायाखाली येतात. असे रस्ते असताना पत्रं झटपट पोहोचत असतील, असं कुणालाही वाटेल. पण रस्ते आधी बांधले गेले ते सैन्यासाठी, आणि सम्राट ऑगस्टसने त्यांवर जी टपालव्यवस्था उभी केली, तीही सरकारी कामापुरतीच. सुरुवातीला निरोप हातोहात पुढे जाई. मग ऑगस्टसने टप्प्याटप्प्यावर गाड्या ठेवल्या, म्हणजे एकच माणूस शेवटपर्यंत येईल आणि त्याला चार प्रश्नही विचारता येतील. या टपालात सामान्य माणसाचं पत्र जात नसे. त्याआधी तर सिसेरोसारख्या बड्या पुढाऱ्यालाही पत्र न्यायला कुणी माणूस मिळेपर्यंत थांबावं लागे.

रस्ता तर सर्वांना मोकळा होता ना? होता. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर विंडोलांडाच्या छावणीत इ.स. १००च्या सुमाराचं, पातळ लाकडी पट्टीवर शाईने लिहिलेलं वाढदिवसाचं आमंत्रण सापडलं आहे. क्लॉडिया सेव्हेराने लेपिडिना या मैत्रिणीला धाडलेलं. पण या दोघीही लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका. पायी जाणारा वाटसरू दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर कापी, उलट इ.स.पूर्व ९मध्ये आजारी भावाकडे निघालेल्या, राजघराण्यातल्या टिबेरियसने एका दिवसरात्रीत सुमारे ३०० किलोमीटर गाठल्याचं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. रस्ता तोच, घोडे मात्र राजघराण्यासाठी हजर. जड माल तर रस्त्याने नेणं सहसा परवडत नसे. रोमचा गहू इजिप्तहून जहाजानेच येई, आणि हिवाळ्यात समुद्र खवळला की जहाजं बहुधा बंदरातच राहत. आपल्या पैठणचा मालही गाड्यांनी भडोच बंदरात जाई, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं तो सांगतो. तिथून पुढे जहाजं मोसमी वाऱ्यावर अवलंबून.

सरकारी घोडागाडीसाठी परवाना लागे, आणि तो कुणाला द्यायचा यावर सम्राटाची बारीक नजर असे. धाकटा प्लिनी बिथिनियाचा सुभेदार असताना त्याच्या बायकोचे आजोबा वारले. आत्याच्या सांत्वनाला तिला लगेच जायचं होतं, म्हणून त्याने तिला परवाना दिला आणि सम्राट ट्रेजनला पत्र लिहून त्याचं कारण कळवलं. ट्रेजनने समजुतीचं उत्तर पाठवलं.