शेकडा एकशेसात : बॉयलरच्या कार्यक्षमतेची परिभाषा

नेदरलँड्समध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायूवर चालणारे जे बॉयलर वापरले जातात, त्यांपैकी अनेकांवर ‘एचआर १०७’ अशी खूण आढळते. ‘एचआर’ ही ‘उच्च कार्यक्षमता’ या अर्थाच्या डच शब्दांची आद्याक्षरे होत. १०७ हा आकडा शेकडा कार्यक्षमतेचा आहे. घातलेल्या शंभर भाग उष्णतेतून एकशेसात भाग परत मिळतात, हे विधान ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशी उघड विसंगत दिसते. तथापि ते खोटे नाही. कोडे यंत्रात नसून ‘घातलेली उष्णता’ या पदाच्या व्याख्येत आहे.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. १ किलोग्रॅम मिथेन जळाला असता सुमारे २.२५ किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. या वाफेतील अप्रकट उष्णता हिशेबात धरली तर मिथेनचे उष्णतामूल्य किलोग्रॅममागे सुमारे ५५.५ मेगाज्यूल भरते, वगळली तर ५०. जर्मन भाषेत या दोन मूल्यांना स्वतंत्र नावे आहेत : पहिले ‘ब्रेनव्हेर्ट’ म्हणजे ज्वलनमूल्य, दुसरे ‘हाइत्सव्हेर्ट’ म्हणजे तापनमूल्य. जुन्या बॉयलरमधून धूरवायू शंभर अंश सेल्सिअसहून बरेच अधिक तापलेले असतानाच बाहेर सोडावे लागत. ते आतच निवले तर बिडाचे भाग गंजत आणि धुराड्याची ओढही मंदावे. वाफेची उष्णता अशी नेहमीच वाया जात असल्याने ती भाजकातून वगळण्याचा संकेत रूढ झाला, आणि त्या काळी तो गैरसोयीचा नव्हता.

संघनन बॉयलरने हीच वाफ निववून तिची उष्णता परत मिळवली. अंशात भर पडली, भाजक मात्र जुनाच राहिला. १०७ हा आकडा निपजला तो यातून. ज्वलनमूल्याने मोजल्यास तो ९६ च्या आसपास येतो. जर्मनांनी या यंत्राचे नावच ‘ब्रेनव्हेर्ट-बॉयलर’ असे ठेवले, हे अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. युरोपीय संघाचे २०१५ पासून लागू झालेले नियमही कार्यक्षमता पूर्ण ज्वलनमूल्यावरच मोजतात.

(ओघाने आले म्हणून : घरगुती बॉयलरमध्ये पाणी उकळत नाही, केवळ तापते. त्यामुळे मराठीत त्यास ‘बाष्पक’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. अर्थदृष्ट्या आपला ‘बंब’ हा शब्द त्याच्या अधिक जवळचा आहे.)

परिभाषेचा गुंता सुटला तरी ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न शिल्लक राहतो. नैसर्गिक वायूच्या धूरवायूंचा दवबिंदू सुमारे ५५ अंश असतो. घरभर फिरून बॉयलरकडे परतणारे पाणी याहून थंड असेल तरच वाफेचे पाणी होते. वर सांगितलेला १०७ हा आकडा परतीचे पाणी ३० अंशांवर असताना मोजलेला आहे. जमिनीखालून उष्णता देणाऱ्या योजनेत अशी परिस्थिती सहज साधते. याउलट जुन्या घरांतील तापक ८० अंशांवर पाणी घेऊन ६० अंशांवर परत करण्याच्या हिशेबाने बसविलेले असत. तेथे नवा बॉयलर जोडला आणि तापमान तसेच ठेवले, तर जुन्या बॉयलरपेक्षा उष्णता काहीशी अधिक मिळते हे खरे. परंतु संघनन जवळजवळ होतच नाही आणि यंत्र नावापुरते संघनन बॉयलर राहते. पाण्याचे तापमान उतरवणे हा बहुधा बिनखर्ची उपाय आहे, मात्र त्यासाठी तापक पुरेसे मोठे असावे लागतात.

निवलेले पाणी किंचित आम्लधर्मी असते. म्हणून उष्णता घेणारा भाग पोलादाच्या न गंजणाऱ्या जातीचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करतात, आणि पाणी वाहून नेण्यास निराळी नळी द्यावी लागते. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ पासून, काही अपवाद वगळता, नवे वायू-बॉयलर संघनन प्रकारचेच असणे बंधनकारक झाले. तेथे अनेक घरांत ही नळी बाहेरच्या भिंतीवरून उघडी नेलेली होती. २०१० च्या डिसेंबरमधील कडाक्याच्या थंडीत अशा नळ्यांतील पाणी गोठले, आणि ऐन गारठ्यात बॉयलर बंद पडले.